मिडनाइट ऑइल : अठरा वर्षांनंतरची नवी गाणी

मिडनाइट ऑइल या सिडनीच्या रॉक बँडने ऑगस्ट २०२० मध्ये ‘गॅडिगल लँड’ हे गाणे प्रसिद्ध केले. त्याआधीचा त्यांचा अल्बम ‘कॅप्रिकॉर्निया’ फेब्रुवारी २००२ चा. मधल्या अठरा वर्षांत गायक पीटर गॅरेट खासदार झाले, केंद्रीय मंत्री झाले आणि राजकारणातून बाहेरही पडले. बाकीचे चौघे निरनिराळ्या बँडमध्ये वाजवत राहिले. फुटलेले बँड पुन्हा एकत्र येणे रॉक संगीतात नवलाचे राहिलेले नाही. जुन्या गाण्यांना श्रोते असतात, तिकिटे खपतात आणि बहुतेकांचे हे एकत्र येणे एखाद्या दौऱ्यापुरते टिकते. मिडनाइट ऑइलने दौरा तर केलाच, पण त्यानंतर दोन नवे अल्बमही केले. दोन्ही ऑस्ट्रेलियात खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यातला पहिला त्यांनी देशातल्या आदिवासी कलावंतांबरोबर आणि आदिवासींच्या एका थेट राजकीय मागणीसाठी केला.

या बँडची मुळे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सापडतात. ड्रमवादक रॉब हर्स्ट, गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे जिम मोगिनी आणि बेस गिटारवादक अँड्र्यू जेम्स हे शाळकरी वयापासून एकत्र वाजवत होते. तेव्हा त्यांच्या बँडचे नाव ‘फार्म’ होते. कायद्याचे शिक्षण घेणारे गॅरेट जाहिरात वाचून त्यांच्याकडे आले. १९७६ मध्ये टोपीतून चिठ्ठी काढून ‘मिडनाइट ऑइल’ हे नाव ठरले, आणि पुढच्या वर्षी दुसरे गिटारवादक मार्टिन रॉट्सी सामील झाले. सहा फुटांपेक्षा बरेच उंच, पुढे डोक्याचे पूर्ण मुंडण केलेले आणि झटके बसल्यासारखे हातवारे करत नाचणारे गॅरेट ही बँडची ओळख झाली. गाणी मात्र बव्हंशी हर्स्ट आणि मोगिनी यांच्याकडून येत. हा बँड समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. गायक राजकारणात गेला, तरी गाण्यांचा झरा दुसरीकडे वाहत होता.

सिडनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या उपनगरांतील पब हे त्यांचे पहिले रंगमंच. नॅराबीनच्या रॉयल अँटलर हॉटेलात सर्फिंग करणारी तरुण मंडळी दाटीवाटीने उभी राहत आणि बँड कानठळ्या बसतील एवढ्या आवाजात वाजवत असे. मोठ्या कंपन्यांच्या अटी मान्य नसल्याने त्यांनी पाउडरवर्क्स हे स्वतःचे लेबल काढले आणि १९७८ मध्ये पहिला अल्बम आणला. ‘काउंटडाउन’ हा त्या काळी ऑस्ट्रेलियात गाजत असलेला दूरचित्रवाणी कार्यक्रम होता. त्यावर हजेरी लावल्याशिवाय नाव होत नाही असे मानले जाई, तरी मिडनाइट ऑइलने त्यापासून दूर राहणेच पसंत केले. १९८२ चा ‘टेन, नाइन, एट’ असा उलट्या मोजणीचा अल्बम देशभर गाजला. अमेरिकेचे लष्करी तळ आणि अण्वस्त्रांची स्पर्धा हे त्यांच्या गाण्यांचे विषय बनले. डिसेंबर १९८४ मध्ये गॅरेट अण्वस्त्रविरोधी पक्षाकडून सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले आणि थोडक्यात हरले.

बँडच्या पुढच्या सगळ्या वाटचालीचा उगम १९८५ ते १९८७ या तीन वर्षांत आहे. ऑक्टोबर १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारने वाळवंटाच्या मध्यभागी असलेला उलुरूचा लाल प्रस्तर आणि त्याभोवतीची जमीन अनंगू या तिच्या मूळ मालकांच्या स्वाधीन केली. त्या घटनेवरच्या चित्रपटासाठी बँडने ‘द डेड हार्ट’ हे गाणे केले. पण वाळवंटातल्या माणसांविषयी गायचे, तर त्यांच्यात जाऊन राहायला हवे हे त्यांना जाणवले. १९८६ मध्ये ते वरुंपी बँडसह दुर्गम आदिवासी वस्त्यांच्या दौऱ्यावर निघाले. वरुंपी हा मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्याचा बँड. आदिवासी भाषेत रॉक गाणे ध्वनिमुद्रित करण्याचा पहिला मान त्याच्याकडे जातो. ‘ब्लॅकफेला/व्हाइटफेला’ हे त्या दौऱ्याचे नाव वरुंपीच्याच एका गाण्यावरून घेतले होते. या वस्त्यांमध्ये ना रंगमंच होते, ना तिकीटखिडक्या. तेथे मिडनाइट ऑइलचे नाव कोणाला ठाऊक असण्याचेही कारण नव्हते.

या प्रवासात बँडला पिंटुपी लोकांची हकीकत जवळून कळली. १९५० आणि १९६० च्या दशकांत, वूमेराच्या तळावरून क्षेपणास्त्रांच्या चाचण्या होत असताना, पश्चिम वाळवंटातल्या पिंटुपी कुटुंबांना हलवून पापुन्यासारख्या सरकारी वस्त्यांत ठेवण्यात आले. परक्या जागी, परक्या अन्नावर आणि नव्या रोगांमुळे कित्येक जण दगावले. १९८१ च्या सुमारास उरलेल्यांनी पुन्हा पश्चिमेची वाट धरली आणि किंटोर येथे आपल्या मुलखात वस्ती केली. ‘बेड्स आर बर्निंग’ या गाण्यामागे हीच घटना आहे. जमीन ज्यांची आहे त्यांना ती परत द्या, एवढेच साधे मागणे त्यात आहे. ऑगस्ट १९८७ मध्ये ‘डीझल अँड डस्ट’ या अल्बममधून हे गाणे बाहेर आले आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १७ व्या स्थानापर्यंत पोहोचले. पबमधला दणदणाट या अल्बममध्ये निवळला आहे. सुरांमध्ये मोकळी जागा आहे, ताल सुटसुटीत आहे. वाळवंटाने बँडचे विषय बदलले आणि त्यांचे वाजवणेही बदलले, हे ऐकणाऱ्याला सहज जाणवते.

त्याच वेळी एक अवघड प्रश्नही उभा राहिला. आदिवासींचे दुःख गोऱ्या माणसांनी जगभर गावे आणि त्या गाण्याची कीर्तीही गोऱ्या माणसांनाच मिळावी, हे योग्य आहे का? बँडचा हेतू शुद्ध होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही १९८७ मध्ये ते आदिवासींच्या वतीने बोलत होते, त्यांच्यासोबत नव्हे. हा प्रश्न तेव्हा सुटला नाही. त्याचे खरे उत्तर द्यायला बँडला ३३ वर्षे लागली.

१९८७ मध्येच न्यूझीलंडचे बोन्स हिलमन बेस गिटारवर आले आणि बँडची शेवटपर्यंत टिकलेली जुळणी पूर्ण झाली. ‘ब्लू स्काय मायनिंग’ या १९९० च्या अल्बमचे शीर्षकगीत पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या विटनूम येथील निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणीत काम करून प्राणघातक आजार जडलेल्या मजुरांवर होते. त्याच वर्षी मे महिन्यात, अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन कंपनीच्या जहाजातून झालेल्या तेलगळतीच्या निषेधार्थ, बँडने न्यूयॉर्कमध्ये कंपनीच्या इमारतीसमोर ट्रकवर उभे राहून भर दुपारी कार्यक्रम केला. १९९० च्या उरलेल्या दशकात अल्बम येत राहिले, पण खप उतरत गेला.

१ ऑक्टोबर २००० रोजी सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात मिडनाइट ऑइलने ‘बेड्स आर बर्निंग’ वाजवले. गाणे सुरू होताना पाचही जणांनी वरचे कपडे काढले. आतल्या काळ्या कपड्यांवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता, ‘सॉरी’. आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून सरकारी आणि मिशनरी संस्थांत वाढवण्याचे धोरण ऑस्ट्रेलियाने अनेक दशके राबवले होते. त्याबद्दल सरकारतर्फे माफी मागायला पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी नकार दिला होता, आणि ते स्टेडियममध्ये हजर होते. सरकारने टाळलेला शब्द जगभरच्या प्रेक्षकांसमोर उच्चारला गेला. कलावंताने सत्तेला समोरासमोर प्रश्न विचारल्याची एवढी थेट उदाहरणे क्वचितच सापडतात.

दोन वर्षांनी, डिसेंबर २००२ मध्ये, गॅरेट यांनी बँड सोडल्याचे जाहीर केले. ऑस्ट्रेलियन कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या पर्यावरण संस्थेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होतेच. २००४ मध्ये ते मजूर पक्षातर्फे सिडनीच्या किंग्सफर्ड स्मिथ मतदारसंघातून निवडून आले. २००७ मध्ये पक्षाची सत्ता आली आणि त्यांच्याकडे पर्यावरण, वारसा आणि कला ही खाती आली. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत आदिवासींची जाहीर माफी मागितली, तेव्हा गॅरेट त्याच सरकारात मंत्री होते. आठ वर्षांपूर्वी कपड्यांवर रंगवलेला शब्द आता संसदेच्या नोंदीत गेला होता.

मंत्रिपदाची बाकीची वर्षे कठीण गेली. अमेरिकी तळांविरुद्ध गाणाऱ्या माणसाला पक्षाचे धोरण म्हणून तेच तळ मान्य करावे लागले. अण्वस्त्रविरोधी पक्षाचा हा जुना उमेदवार २००९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका युरेनियम खाणीला परवानगी देणारा मंत्री ठरला. घरांच्या छतांत उष्णतारोधक थर बसवण्याच्या घाईच्या सरकारी योजनेत चार तरुण कामगारांचा मृत्यू झाला आणि टीकेचा रोख गॅरेट यांच्यावर आला. धोक्याचा इशारा देणारी पत्रे त्यांनी पंतप्रधानांना पाठवली होती, हे पुढे उघड झाले. नंतर शालेय शिक्षण खाते सांभाळून २०१३ मध्ये त्यांनी राजकारण सोडले. त्यांच्यावर फितुरीचा आरोप करणारे जुने श्रोते बरेच होते. पण बाहेरून मागणी करणे आणि आत बसून मतांची जुळवाजुळव करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम हाती घेणाऱ्याला पहिल्याची निष्कलंक प्रतिमा टिकवता येत नाही. गॅरेट यांनी ती किंमत जाणूनबुजून मोजली, असेच म्हणावे लागेल.

या काळात बँड अगदीच विझला नव्हता. हिंदी महासागरातल्या त्सुनामीनंतर, जानेवारी २००५ मध्ये, मदतनिधीसाठी सिडनी क्रिकेट ग्राउंडवर तो एकदा वाजला. मार्च २००९ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या भीषण वणव्यानंतर मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर पुन्हा वाजला. पण हे आपत्तीपुरते एकत्र येणे होते. हर्स्ट, मोगिनी आणि रॉट्सी यांनी ‘द ब्रेक’ हा वाद्यसंगीताचा बँड काढला. हिलमन अमेरिकेत नॅशव्हिलला स्थायिक होऊन इतरांसाठी बेस वाजवत होते. आपसांत भांडण होऊन फुटलेल्या बँडला पुन्हा बसवताना आधी जुन्या जखमा भराव्या लागतात. मिडनाइट ऑइलमध्ये तसे वैर नव्हते, आणि म्हणूनच पुढचे सारे सुकर झाले.

गॅरेट यांनी २०१५ मध्ये आत्मचरित्र लिहिले, २०१६ मध्ये पहिला एकल अल्बम काढला आणि त्याच वर्षी बँड परतणार असल्याची बातमी आली. २०१७ च्या ‘ग्रेट सर्कल’ दौऱ्याची सुरुवात सिडनीतल्या एका छोट्या जागेत झाली. नंतर ब्राझील, अमेरिका, युरोप करत बँड ऑक्टोबरमध्ये ॲलिस स्प्रिंग्जला, म्हणजे १९८६ च्या वाळवंटाच्या उंबरठ्यावर, पोहोचला. नोव्हेंबरमध्ये सिडनीच्या डोमेन मैदानावर दौरा संपला. गाणी सगळी जुनीच होती. तीन-चार दशकांपूर्वीचे विषय अजून शिळे झाले नव्हते, ही देशासाठी मुळीच अभिमानाची गोष्ट नव्हती.

त्याच वर्षी मे महिन्यात उलुरूजवळ एक महत्त्वाची घटना घडली होती. देशभरातून आलेल्या आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या प्रतिनिधींनी चर्चेअंती ‘उलुरू स्टेटमेंट फ्रॉम द हार्ट’ हे निवेदन प्रसिद्ध केले. आपल्या प्रश्नांवर संसदेला सल्ला देणारी, राज्यघटनेत नमूद केलेली एक संस्था हवी, अशी त्यातली एक मागणी होती. दुसरी मागणी ‘मकराटा’ आयोगाची होती. मकराटा ही उत्तरेकडच्या योल्ंगू लोकांची तंटा मिटवण्याची रीत आहे. झालेला अन्याय मान्य करायचा, त्याची भरपाई ठरवायची आणि मग सलोखा करायचा, असा तिचा क्रम असतो. या आयोगाने सरकार आणि आदिवासी यांच्यातले करार आणि वसाहतीच्या इतिहासाची खरी मांडणी यांवर देखरेख ठेवावी, अशी कल्पना होती. तत्कालीन सरकारने काही महिन्यांतच संसदीय संस्थेचा प्रस्ताव फेटाळला.

२०१९ च्या अखेरीस मिडनाइट ऑइल स्टुडिओत गेले, तेव्हा ‘डीझल अँड डस्ट’चे निर्माते वॉर्न लिव्हसी त्यांच्यासोबत होते. मधल्या वर्षांत हर्स्ट, मोगिनी आणि इतरांकडे गाणी साचली होती. सुमारे वीस गाणी मुद्रित झाली आणि त्यांचे दोन भाग पाडण्यात आले. आदिवासींच्या हक्कांविषयीची गाणी वेगळी काढून आधी प्रसिद्ध करायची ठरली. ‘द मकराटा प्रोजेक्ट’ या नावाने ती ३० ऑक्टोबर २०२० रोजी आली. बँडने आपले उत्पन्न उलुरू निवेदनाचा प्रसार करणाऱ्या संस्थांना दिले आणि सोनी म्युझिकने तेवढीच रक्कम स्वतःची घातली.

१९८७ चा प्रश्न या अल्बममध्ये सुटतो. येथे गॅरेट अनेकदा बाजूला होतात. ‘गॅडिगल लँड’ सिडनी शहर ज्यांच्या भूमीवर उभे आहे त्या गॅडिगल लोकांविषयी आहे. त्यात गॅडिगल कवी जोएल डेव्हिसन यांनी आपल्या भाषेतला भाग रचला आहे, आणि डॅन सुल्तान, कलीना ब्रिग्ज आणि ‘कलर्ड स्टोन’ या जुन्या आदिवासी बँडचे बन्ना लॉरी गायले आहेत. ‘फर्स्ट नेशन’ मध्ये जेसिका माउबॉय आणि रॅप गायक टॅस्मन कीथ आहेत. ‘टेरर ऑस्ट्रेलिया’ तर एकट्या ॲलिस स्काय गातात. गॅरेट यांचा आवाज त्यात येतच नाही. २६ जानेवारी १७८८ रोजी ब्रिटिश ताफा उतरला. तो दिवस राष्ट्रीय सण म्हणून साजरा होऊ नये, या मागणीवरच्या ‘चेंज द डेट’ मध्ये २०१७ साली निधन पावलेले अंध योल्ंगू गायक गुरुमुल यांचा मुद्रित स्वर वापरला आहे. एका तुकड्यात आदिवासी नेत्या पॅट अँडरसन, पत्रकार स्टॅन ग्रँट, फुटबॉलपटू ॲडम गुड्स आणि इतरांनी मिळून उलुरू निवेदन वाचले आहे. तेथे बँडच्या पाचांपैकी कोणीही बोलत नाही. इतक्या वर्षांनी परतलेल्या बँडने आपल्या पहिल्याच अल्बममध्ये दुसऱ्यांना पुढे उभे करावे, याला मोठे मन लागते. संगीत म्हणून सगळीच गाणी सारख्या उंचीची नाहीत, काही जागी संदेश सुरांवर भारी पडतो. पण ‘गॅडिगल लँड’ मध्ये ब्रास वाद्यांचा दणका आणि हर्स्ट यांचे ड्रम ऐकताना हा बँड साठी ओलांडलेल्या माणसांचा आहे, हे ध्यानातही येत नाही.

अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याच सुमारास, ७ नोव्हेंबर २०२० रोजी, बोन्स हिलमन यांचे अमेरिकेत कर्करोगाने निधन झाले. पाच जणांच्या गायनात त्यांच्या वरच्या पट्टीतल्या आवाजाचा वाटा मोठा होता. करोनाच्या निर्बंधांमुळे उरलेल्या चौघांना त्यांच्यापाशी जाणेही शक्य नव्हते. २०२१ च्या सुरुवातीला ‘मकराटा लाइव्ह’ चे प्रयोग झाले, तेव्हा बेसची जागा ॲडम व्हेंतुरा यांनी घेतली. आदिवासी पाहुणे कलावंत बँडच्या बरोबरीने मंचावर होते.

दुसऱ्या भागातली गाणी १८ फेब्रुवारी २०२२ रोजी ‘रेझिस्ट’ या नावाने आली. हिलमन यांचे वादन त्यांत आधीच मुद्रित झालेले होते. या अल्बमचा मुख्य विषय हवामानबदल आणि निसर्गाचा विध्वंस. ‘रायझिंग सीज’ हे गाणे २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेच्या तोंडावर प्रसिद्ध केले होते. ‘टारकाइन’ टास्मानियाच्या वायव्येकडच्या, तोडीच्या छायेत असलेल्या प्राचीन वर्षावनाविषयी आहे. ‘बार्का-डार्लिंग रिव्हर’ हे गाणे ज्या नदीवर आहे, तिच्या पात्रात मेनिंडी गावाजवळ २०१८-१९ च्या उन्हाळ्यात मेलेल्या माशांचा खच पडला होता. पाण्याचा बेसुमार उपसा आणि दुष्काळ यांनी नदी आटली होती. नदीचे बार्किंजी लोकांनी दिलेले नाव, बार्का, शीर्षकात आधी येते. ‘रेझिस्ट’ मधली गाणी लांब आणि संथ आहेत. तरुणपणीच्या संतापाची जागा येथे काळजीने घेतली आहे, आणि ती काळजी खरी वाटते.

हा अल्बम घेऊन केलेला दौरा शेवटचा असेल, हे बँडने आधीच जाहीर केले होते. मोठे दौरे थांबतील, पण गाणी करणे आणि आपल्या चळवळींना साथ देणे थांबेलच असे नाही, अशी त्यांची भूमिका होती. टास्मानियातल्या लॉन्सेस्टनपासून जानेवारी २०२२ मध्ये निघालेला हा दौरा ऑस्ट्रेलिया, उत्तर अमेरिका, युरोप आणि न्यूझीलंड फिरून ३ ऑक्टोबर २०२२ रोजी सिडनीच्या हॉर्डर्न पॅव्हिलियनमध्ये संपला. त्या रात्री जवळपास ४० गाणी झाली.

‘मकराटा प्रोजेक्ट’ ज्या मागणीसाठी होता, ती पुढे जनतेसमोर गेली. नव्या मजूर सरकारने १४ ऑक्टोबर २०२३ रोजी आदिवासींच्या संसदीय सल्लागार संस्थेवर सार्वमत घेतले. सुमारे ६० टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले आणि सहाही राज्यांत प्रस्ताव पडला. ज्या बँडची गाणी घराघरांत वाजतात, त्याच देशाने त्या गाण्यांतले मागणे नाकारले. गाण्याची लोकप्रियता आणि मतपेटीतला कौल यांच्यातले हे अंतर कटू असले तरी खरे आहे. करार आणि इतिहासाची सत्य मांडणी हे निवेदनातले इतर दोन विषय मात्र राज्यांच्या पातळीवर सुरू राहिले. व्हिक्टोरियात २०२१ मध्येच स्थापन झालेल्या युरूक आयोगाने आदिवासींच्या साक्षी नोंदवण्याचे काम हाती घेतले होते.

बँडच्या साडेचार दशकांवर पॉल क्लार्क यांनी केलेल्या ‘द हार्डेस्ट लाइन’ या माहितीपटाने २०२४ च्या सिडनी चित्रपट महोत्सवाचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी गॅरेट यांचा ‘द ट्रू नॉर्थ’ हा दुसरा एकल अल्बमही आला.